गुंजनचा फॉर्म

१२ मे २०२४
मुलींचं वसतिगृह, गोंदिया

गुंजन,

तुझ्या सासरचा पत्ता धनवंताकाकूंकडून मागून घेतला. काकू म्हणाल्या, पत्ता कायले पाहिजे, फोन लाव ना तिले. तू माझा नंबर ब्लॉक केलास हे मी तुझ्या आईला सांगितलं नाही. ग्रीटिंग पाठवायचं आहे असं सांगितलं. तेव्हा हे ग्रीटिंग समजूनच उघड.

लग्नाला आले नाही याचा तुला राग आहे. पण त्याच दिवशी आमची इंटर्नल परीक्षा होती, आणि पहिल्या वर्षाच्या मुलींना सुट्टी मागायची सोय नसते. आईनं मांडवात सगळ्यांना तेच सांगितलं असेल. पहिलीपासून बारावीपर्यंत एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीचं लग्न कोणी मुद्दाम चुकवेल का?

मी बरी आहे. बी.एस्सी. नर्सिंगचं पहिलं वर्ष अर्धं संपत आलं. लॅबमध्ये खाटेवर एक रबरी बाई झोपवलेली असते. तिला आंघोळ घालायची, कूस बदलायची, तिच्या अंगाखालची चादर तिला न उठवता बदलायची. मला चादरीचे कोपरे छान जमतात. मॅडमनी एकदा सगळ्या वर्गाला माझी खाट दाखवली. त्या दिवशी कोणाला सांगावं हे संध्याकाळपर्यंत सुचलं नाही.

खोलीत आम्ही तिघी. खिडकीजवळची खाट आपण बारावीतच तुझ्या नावानं ठरवली होती, तिथं रिंकू झोपते. ती गोंदिया शहरातलीच, हिंदी बोलते. दुसरी यवतमाळची आहे, ती दिवसभर कानात वायर घालून असते. मेसमध्ये मी "पाणी देजो" म्हटलं तर पोरी हसल्या. आता मी पाणी स्वतः उठून घेते.

काकू सांगत होत्या, तू अजून विचारतेस की माझ्यापेक्षा सहा मार्क जास्त असून तुझा नंबर कसा लागला नाही. गुंजन, तुझा फॉर्म मी भरला होता. यादी मुंबईहून लागते, त्यात आपण काय करणार. नशीब म्हणायचं.

तिलकभाऊजींना नमस्कार सांग. उत्तर लिही.

रविता


३ ऑगस्ट २०२४
गोंदिया

गुंजन,

तीन महिने झाले. पोस्टमन आमच्या वॉचमनकडे पत्रं टाकतो. मी रोज विचारते म्हणून आता तो मला दुरूनच मान हलवून नाही म्हणतो.

एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. तुझ्या लग्नाच्या दिवशी परीक्षा नव्हती. आईलाही मी तीच थाप मारली होती.

मी निघाले होते. हिरवी साडी नेसून गोरेगावपर्यंत एसटीनं आले. स्टँडवर आपल्या गावचे दोघे-तिघे मोटारसायकलवर दिसले, त्यांनी चल म्हटलं. मी म्हटलं, मैत्रीण येऊन राहिली, तिच्यासोबत येते. ते गेल्यावर दोन तास तिथल्या बाकावर बसले. आठवडी बाजाराचा दिवस होता, बाया टोपल्या घेऊन माझ्या आजूबाजूला बसत होत्या, उठत होत्या. तुला हळद लागलेली पाहायची माझी हिंमत झाली नाही. मग गोंदियाची गाडी लागली, तिच्यात बसले. खोलीवर आले तेव्हा दोघी घरी गेलेल्या होत्या. साडी न बदलता झोपले.

हिंमत का झाली नाही ते विचारू नकोस.

आता वॉर्डात नेतात. पहिल्या दिवशी पेशंटजवळ गेले आणि पाठ केलेलं एकही वाक्य तोंडातून निघेना. म्हाताऱ्या बाबांनी मलाच विचारलं, "घाबरली का बाई?" पांढरा ड्रेस घातला की लोक आपल्याला सिस्टर म्हणतात. रस्त्यानं जाताना बरं वाटतं. खोलीत आल्यावर ड्रेस खुंटीला टांगला की परत कोणीच नसते मी.

रिंकूनं काल विचारलं, तुम्हारी कोई दोस्त नहीं क्या, कोणी फोन करत नाही, कोणी भेटायला येत नाही. मी म्हटलं, आहे एक, तिचं लग्न झालं, देवरीच्या पुढं दिली तिला, तिकडे नेटवर्क नसतं.

रविता


२४ नोव्हेंबर २०२४
गोंदिया

गुंजन,

तू वाचतेस की फाडतेस ते मला ठाऊक नाही. तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

हाडांच्या वॉर्डात माझी ड्युटी होती. सुशिलाबाई म्हणून एक पेशंट, सालेकसाकडची, पासष्टीची. घराच्या पायरीवरून पडून खांद्याचं हाड मोडलेलं, त्याचं ऑपरेशन झालेलं. सोबत कोणी नव्हतं. दर दोन तासांनी तिचा ताप पाहून तक्त्यात लिहायचं काम माझं. दहा वाजता पाहिला. बारा वाजता मी माझी केसफाइल पूर्ण करत बसले होते, दुसऱ्या दिवशी जमा करायची होती. उठायचा कंटाळा आला. दहाला ताप नव्हता, बाराला कुठून येईल, असं म्हणून बाराच्या चौकटीत अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा लिहून टाकलं.

एक वाजता बाई थडथड कापायला लागली. एकशे तीन ताप.

वॉर्डाच्या मेश्राम सिस्टर आल्या. आधी बाईचं सगळं पाहिलं, डॉक्टरांना बोलावलं, सुई दिली. मग तक्ता हातात घेऊन मला बाजूला नेलं. बाराला ताप घेतला होता का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. कोणत्या काखेत? मी उजव्या म्हटलं. सिस्टरांनी खाटेकडे बोट दाखवलं. सुशिलाबाईचा उजवा हात छातीशी बांधलेला होता, गुंजन. काखेत बोट जायला जागा नव्हती.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "चौकट रिकामी दिसली असती तर मी स्वतः येऊन ताप पाहिला असता. तू आकडा लिहिला, म्हणून मी आली नाही."

माझ्या फाइलवर त्यांनी शेरा लिहिला. प्राचार्यांसमोर उभं केलं. नंतर सहा दिवस मला त्याच खाटेची ड्युटी दिली. जखमेत पू झाला होता, औषध बदलल्यावर ताप उतरला. बाईला यातलं काही माहीत नाही. मी तिची वेणी घालून देते, पेज भरवते, आणि ती शेजारच्या खाटेवर सांगते की ही पोरगी लय जीव लावते. रोज विचारते, तू जेवली का. मला मान वर करता येत नाही.

आठ दिवसांपासून सिस्टरांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांना वाटत असेल, मी हे पहिल्यांदाच केलं.

रविता


१ डिसेंबर २०२४
गोंदिया

गुंजन,

हे पत्र पोस्टानं टाकत नाही. तुझ्या सासरी कोणी दुसऱ्यानं उघडायला नको. पाकीट चिकटवून काकूंकडे देईन, तू माहेरी आलीस की त्या तुझ्या हातात देतील.

तुझा फॉर्म भरलाच गेला नव्हता.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात काकूंच्या ऑपरेशनसाठी तू नागपूरला होतीस. तुझे कागद आणि पासवर्ड माझ्याकडे देऊन गेलीस, म्हणालीस, माझे पण कॉलेज तूच भर, तुझ्यामाझ्यात काय वेगळं आहे. मी गोरेगावला भैयाजींच्या सेतू केंद्रात बसले. माझा फॉर्म झाला. मग तुझा उघडला. पहिल्या पसंतीला गोंदिया टाकलं. फॉर्म पक्का करायला तुझ्या मोबाइलवर एक नंबर येतो, तो इथं टाकावा लागतो. तुला फोन लावला. लागला नाही. पाच वाजता साइट बंद झाली आणि तुझा फॉर्म अर्धाच राहिला.

तू रागावशील म्हणून संध्याकाळी मी तुला भरला असं सांगितलं. म्हणून तू पुढं काही पाहिलंच नाहीस.

यादी लागली तेव्हा आपल्या प्रवर्गात गोंदियाला शेवटचं नाव माझं होतं. तुझा फॉर्म पोचला असता तर त्या जागी तू असतीस. दुसऱ्या फेरीत चंद्रपूर, नागपूरच्याच जागा राहिल्या, आणि तुझ्या बाबांनी, डोमनलाल काकांनी, तेवढ्या लांब पाठवायला नकार दिला. काकूंना उठता-बसता येत नव्हतं, घर तुझ्यावर पडलं. उन्हाळ्यात तुझं लग्न लागलं.

एवढं झालं. माफ कर म्हणायला तोंड नाही.

रविता


१६ फेब्रुवारी २०२५
गोंदिया

गुंजन,

कचारगडच्या जत्रेत आमच्या कॉलेजचा प्रथमोपचाराचा तंबू होता. तीन दिवस माणसांची रीघ लागली होती. पायाला फोड आलेले, उन्हानं चक्कर आलेले, गर्दीत चुकलेल्या माणसांना शोधत आलेले. मी खाली मान घालून एका बाईच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होते, आणि त्या बाईमागे उभं असलेलं माणूस तू आहेस हे मला तुझ्या आवाजावरून कळलं. तू त्यांना आत्या म्हणालीस, म्हणजे त्या तुझ्या सासूबाई.

तू वाळलीस. नाकात मोरणी आली. मला पाहून तू दचकली नाहीस, म्हणजे तू मला बाहेरूनच पाहिलं होतंस आणि तरी आत आलीस.

सासूबाईंचं बीपी जास्त होतं, त्यांना सावलीत आडवं केलं. तेव्हा तू मला तंबूच्या कडेला घेऊन गेलीस.

"पत्र भेटलं," तू म्हणालीस. "तू लिहिलं का माझा फोन लागला नाही म्हणून."

मी हातातला बीपीचा पट्टा गुंडाळायला लागले.

"मी उलटून तीनदा लावला होता तुले. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून. तिन्ही वेळा पुरा वाजला. तू पाहिला होता का नव्हता, एवढंच सांग."

"पाहिला होता."

"मग काऊन नाही उचलला?"

तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली. तिलकभाऊजी पाणी घेऊन आले. तू त्यांना माझं नाव सांगितलं नाहीस, ही शिकणारी सिस्टर आहे एवढंच म्हणालीस. मी त्यांना चिठ्ठी लिहून दिली, देवरीच्या दवाखान्यात बीपी परत तपासायला सांगितलं, आणि तुम्ही गर्दीत गेलात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहिते. यावेळी चौकट खोटी भरत नाही.

तुझा पहिला फोन आला तेव्हा चारला दहा कमी होते. मोबाइल टेबलावर होता. भैयाजींनी तुझं नाव वाचलं, म्हणाले, घे ना, तोच तर नंबर पाहिजे. मी म्हटलं, आता बोलते, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले. दुसरा फोन बाहेर आला. तिसरा आला तेव्हा आवाज बंद करून मोबाइल पर्समध्ये टाकला. आत येऊन भैयाजींना सांगितलं, तिचा फोन लागत नाही, राहू द्या.

त्या सकाळी भैयाजींनीच आपल्याला मागच्या वर्षीची यादी काढून दाखवली होती, म्हणजे मला, तू तर नागपूरला होतीस. त्यावरून दिसत होतं की आपल्या दोघींतून एकीचाच नंबर गोंदियाला लागेल, आणि ती तू. माझ्या बाबांनी सांगून ठेवलं होतं, गोंदियाला लागला तर शीक, नाही तर उन्हाळ्यात लग्न. पाहुणे पण पाहून ठेवले होते. तो उन्हाळा मी तुला दिला.

अजून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला की मुदत एक दिवस वाढवली. तो तुलाही आला असेल, पण तुला वाटत होतं की फॉर्म भरून झाला. मी तो मेसेज वाचला. सेतू केंद्र सायकलनं वीस मिनिटांवर. दिवसभर मी आईसोबत धानाच्या बांधीत निंदण केलं. आई म्हणाली, आज काऊन एवढी राबून राहिली. घाबरून एका क्षणात झालं असं मी स्वतःलाही सांगू शकत नाही. माझ्याकडे पूर्ण एक दिवस होता.

माझी जागा सोडली तर ती तुला मिळेल का, म्हणून ऑफिसात विचारून आले. मधेच सोडलेली जागा रिकामीच राहते म्हणाले. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. तेही लिहून ठेवते.

काल शनिवारी गावी गेले आणि काकूंना सगळं सांगितलं. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. ऐकता ऐकता हात थांबला. "माझ्या ऑपरेशनच्या दिवशी?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. बराच वेळ त्या सुपातले खडे वेचत राहिल्या. मी आणलेली सीईटीची पुस्तकं पिशवीतच होती. म्हणाल्या, "पुस्तकं ठेव तिथं. आणि आता घरी जा, माय."

यंदाच्या सीईटीचा फॉर्म अजून उघडा आहे. लग्न झालेल्या मुलीही भरतात, आमच्या वर्गात दोघी आहेत, एकीला मूल आहे. बारावीचे मार्क चालतात. पुस्तकांत जिथं माझं अडलं होतं तिथं तुझ्याच अक्षरातल्या खुणा आहेत, तुला लवकर आठवेल. मी कशाला हात लावणार नाही. फॉर्म तू स्वतः भर.

रविता


५ ऑक्टोबर २०२५
गोंदिया

गुंजन,

यादी लागली त्या दिवशी मी वर्ग बुडवून ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर बसले. आधी गोंदियाची यादी पाहिली. वरून खाली, खालून वर. तू नव्हतीस. मग सगळी कॉलेजं एकेक करून पाहत गेले आणि चंद्रपूरला तुझं नाव दिसलं, तिसऱ्या नंबरावर.

तुझे मार्क पाहिले. गोंदियाच्या यादीत तू पहिली आली असतीस. गोंदिया तू टाकलंच नसशील.

गावी गेले तेव्हा काकू अंगणात होत्या. माझ्याशी बोलल्या. पूर्वीसारखं नाही, पण बोलल्या. तू एप्रिलपर्यंत पहाटेचा स्वयंपाक उरकून अभ्यास केलास, तुझ्या सासऱ्यांनी, सेवकरामजींनी, दोन महिने अबोला धरला, तिलकभाऊजी परीक्षेला सोबत आले, हे त्यांच्याकडून कळलं. भाऊजी म्हणत होते, गोंदिया जवळ पडते, दर आठवड्याला आणायला येईन. तू नाही म्हणालीस. काकूंनी काऊन म्हणून विचारलं तर म्हणालीस, "तिथं रविता आहे."

काकूंनी हे मला सांगावं की नाही असा विचार केला असेल. तरी सांगितलं, बरं केलं. ऐकून मी तिथंच पायरीवर बसले. रडायला आलं नाही. तुझ्या बोलण्यात चुकीचं काही वाटलं नाही म्हणून असेल.

इथं नव्या मुली आल्या. तिसऱ्या वर्षाच्या आम्ही त्यांना वॉर्ड दाखवतो. गेल्या आठवड्यात माझ्या वाट्याला आठ मुली होत्या. सगळ्या एकमेकींना चिकटून चालत होत्या. त्यांना जे सांगितलं तेच तुलाही सांगायचं होतं. बूट एक नंबर मोठा घे, दुपारपर्यंत पाय सुजतात. नाश्ता केल्याशिवाय ड्रेसिंगच्या खोलीत जाऊ नकोस. पहिल्या पेशंटजवळ हात थरथरतील, ते त्यालाही दिसतात, लपवू नकोस. आधी त्याचं नाव विचार आणि नावानं हाक मार, म्हणजे दोघांचंही भय कमी होतं.

हे तिथल्या कोणी तुला सांगितलंच असेल. तुझ्याजवळ पटकन माणसं जमतात.

तू वॉर्डातून खोलीवर येशील, बूट काढशील, आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलीला सांगशील की आज मला पहिला पेशंट मिळाला, तो असा होता, असं बोलला. ती कोण असेल, कुठली असेल, चांगली असो. तुझ्या त्या पहिल्या पेशंटचं नाव मला कधी कळणार नाही.

पत्र काकूंकडे देत नाही. चंद्रपूरच्या कॉलेजच्या पत्त्यावर साध्या पोस्टानं टाकते. आता वाट पाहून वॉचमनला विचारणार नाही.

रविता